उडी थोडी, पडझड फार

टेकडीच्या माथ्यावर एक आडवी दांडी असते. उडी मारणारा तिच्यावर बसतो, बर्फात कोरलेल्या दोन समांतर खोबणींत आपल्या लांबलचक स्की ठेवतो, खालून प्रशिक्षकाची खूण मिळताच दांडी सोडतो. त्यानंतर थांबायची सोय नसते. अंग दुमडून, छाती गुडघ्यांना टेकवून तो घसरत जातो. मोठ्या टेकडीवर वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास पोचतो. उताराच्या टोकाशी धावमार्ग संपतो आणि तिथं, डोळ्याचं पातं लवायच्या आत, पाय ताणून झेप घ्यावी लागते. किंचित लवकर घेतली तर जोर वाया जातो, किंचित उशीर झाला तर पायाखाली काही उरलेलंच नसतं. मग हवेत पुढं झुकायचं, इतकं की नाक स्कीच्या टोकांशी जावं, आणि तसंच ताठ राहायचं. घाबरून जो अंग मागं घेतो तो लवकर खाली येतो. शेवटी एक पाय पुढं, एक मागं असं टेकायचं. अंतराचे गुण वेगळे, डौलाचे वेगळे. पाच पंच प्रत्येकी वीसपैकी गुण देतात, त्यातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वगळतात.

हे सगळं सुरुवातीलाच सविस्तर सांगण्याचं कारण आहे. ज्या चित्रपटाबद्दल मला लिहायचं आहे त्यात नेमकं हेच कमी आहे, आणि त्या चित्रपटावरून फिनलंडच्या प्रेक्षकांमध्ये जे मतभेद झाले त्यांच्या तळाशीही बऱ्याच अंशी हेच आहे, असं माझं मत झालं आहे.

चित्रपटाचं नाव नुसतं ‘मट्टी’. दिग्दर्शक अलेक्सी मॅकेला, निर्माता मार्कुस सेलिन. जानेवारी २००६ मध्ये, ट्युरिनच्या हिवाळी ऑलिंपिकला जेमतेम महिना उरला असताना तो फिनलंडमध्ये लागला. नावापुढं आडनाव लावायची गरज पडली नाही. फिनलंडमध्ये मट्टी हे नाव आपल्याकडच्या सुरेश-रमेशइतकं सर्रास आहे, तरी तिथल्या कुणालाही हा कोणता मट्टी असं विचारावं लागलं नाही. मट्टी निकॅनेन, स्की-उडीतला त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू; आणि वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर वर्षानुवर्षं, बहुधा वाईट कारणांसाठी, पहिल्या पानावर झळकणारा चेहरा.

त्याच्या कामगिरीचे आकडे आधी सांगायला हवेत. जन्म १७ जुलै १९६३ चा, मध्य फिनलंडमधल्या युवास्क्युला शहरातला. याच शहरातल्या लायावुओरीच्या उडीच्या टेकडीवर तो लहानपणापासून पडून असे. एकेका दिवसात तो किती उड्या मारी याच्या कहाण्या तिथं अजून सांगतात. प्रशिक्षक मट्टी पुल्ली. १९८२ मध्ये, अठराव्या वर्षी, ऑस्लोला तो जगज्जेता झाला. १९८४ च्या साराजेव्हो ऑलिंपिकमध्ये लहान टेकडीवर पूर्व जर्मनीच्या येन्स वाइसफ्लोगनं त्याला मागं टाकलं. मोठ्या टेकडीवर त्यानं वाइसफ्लोगला साडेसतरा गुणांनी हरवलं. एवढ्या फरकानं तोवर ऑलिंपिकमध्ये कुणीच जिंकलं नव्हतं. १९८५ च्या मार्चमध्ये, तेव्हा युगोस्लाव्हियात असलेल्या प्लानित्साला, तो १९१ मीटर उडाला. त्या काळात उड्या इतक्या लांबत चालल्या की आंतरराष्ट्रीय महासंघानं पुढं १९१ मीटरच्या पलीकडच्या अंतराला गुणच द्यायचे नाहीत असं ठरवलं. १९८८ मध्ये कॅल्गरीला लहान टेकडी, मोठी टेकडी आणि सांघिक अशी तिन्ही सुवर्णपदकं फिनलंडकडे आली आणि तिन्हीत मट्टी होता. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन्ही टेकड्या जिंकणारा तो पहिला. विश्वचषकाच्या ४६ स्पर्धा त्यानं जिंकल्या. तो विक्रम मोडायला २०१३ साल उजाडावं लागलं.

तेव्हा स्की एकमेकींना समांतर ठेवून उडायची रीत होती. आज दिसतो तो फाकवलेल्या स्कीचा प्रकार ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या यान बोक्लोवनं रुजवला. त्याच्या आधीच मट्टी स्कीची टोकं तिरकी एका बाजूला नेत असे, म्हणजे हवेला जास्त पृष्ठभाग मिळे. तसं करायला त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. शेकडो, हजारो उड्यांत अंगालाच ते उमगत गेलं असावं. कॅल्गरीचं चित्रण आज सहज पाहायला मिळतं. बाकीचे उडीपटू हवेत तोल सावरताना दिसतात. हा मात्र हवेत एकदा निजल्यावर हलत नाही.

त्याच्या उत्तरायुष्याची गोष्ट मात्र फिनलंडला तोंडपाठ आहे. दारू खेळत असतानाच लागली होती आणि तिच्यापायी संघातून घरी पाठवले जाण्याचे प्रसंगही आले होते. १९९१ च्या सुमारास खेळ सुटला. १९९२ मध्ये गाण्यांचा अल्बम आला आणि पंचवीस हजारांहून जास्त खपला. पुढच्याचं तसं झालं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हा चार सुवर्णपदकांचा मानकरी एका उपाहारगृहात पैशांसाठी कपडे उतरवण्याचे कार्यक्रम करत होता. लग्नं, घटस्फोट, त्याच बाईशी पुन्हा लग्न. ऑगस्ट २००४ मध्ये तांपेरेजवळच्या एका गावात, बोटं अडकवून ओढण्याच्या खेळावरून वाद झाला आणि त्यानं ओळखीच्या एका माणसाला सुऱ्यानं भोसकलं. २६ महिन्यांची शिक्षा झाली. सप्टेंबर २००५ मध्ये सुटला आणि चारच दिवसांत घरातल्या मारहाणीसाठी पुन्हा पकडला गेला.

त्यानंतर चार महिन्यांनी चित्रपट लागला. मट्टी तेव्हा ४२ वर्षांचा होता, जिवंत होता, आणि त्याची गोष्ट संपलेली नव्हती.

साडेचार लाखांहून जास्त लोकांनी तो थिएटरात जाऊन पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे साडेबावन्न लाख, म्हणजे दर अकरा-बारा माणसांत एकानं. त्या वर्षी सर्वांत जास्त चाललेला तो फिनिश चित्रपट ठरला. मॅकेला-सेलिन जोडीला अशा गर्दीची सवय होती. २००३ चा त्यांचा ‘पाहात पोयात’ हा वाट चुकलेल्या चार भावांचा चित्रपट सहा लाखांच्या पुढं गेला होता आणि त्यातला एक भाऊ होता यास्पर पॅक्कोनेन. मट्टीची भूमिकाही त्यालाच मिळाली. दूरचित्रवाणी मालिकेतून आलेला हा देखणा तरुण तेव्हा पंचविशीत होता. पुढं ‘व्हायकिंग्ज’ मालिकेतून आणि स्पाइक लीच्या ‘ब्लॅकक्लान्समन’मधून तो आपल्याकडच्या प्रेक्षकांनाही दिसला.

पॅक्कोनेनबद्दल फारसं दुमत नाही. ज्यांना चित्रपट अजिबात आवडला नाही तेही त्याला सहसा नावं ठेवत नाहीत. नक्कल करण्याचा मोह त्याच्यासमोर उभाच होता, कारण मट्टीची बोलण्याची लकब अख्ख्या देशाला येते. आवाज मऊ, वाक्य मध्येच सुटणारं, इंग्रजी शब्द चुकीच्या जागी येणारे. त्याची ‘एलॅमा ऑन लाइफ्फी’ (‘आयुष्य म्हणजे लाइफ’) यासारखी वाक्यं लोकांच्या तोंडी म्हणींसारखी बसली आहेत. पॅक्कोनेन त्या लकबीच्या मागं एक बुजरा, समोरच्याला खूश करू पाहणारा मुलगा ठेवतो. नाही म्हणता न येणारा माणूस आधी कुणाला नाही म्हणू शकत नाही आणि मग कशालाच कसं नाही म्हणू शकत नाही, एवढं तरी त्याच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

मतं फाटतात ती यापुढं. प्रेक्षकांचा एक मोठा गट असा, की ज्याला हा चित्रपट करमणूक म्हणून आवडला. त्यात हशे आहेत, भांडणं आहेत, गाण्यांचे फसलेले दौरे आहेत, लबाड मध्यस्थ आहेत. प्रसंगामागून प्रसंग भराभर येतात आणि प्रत्येक प्रसंग प्रेक्षकाला आधीच माहीत असतो. छापून आलेलं पडद्यावर हलताना पाहण्याचा एक आनंद असतो आणि तो खोटा नाही. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत मंडळापुढच्या देखाव्यात ओळखीची कथा पाहताना लोक जसे पुढचा प्रसंग आधीच बोलून दाखवतात, तसं काहीसं.

याच्या उलट बोलणारे म्हणतात की हा चित्रपट म्हणजे टपरीवरच्या मथळ्यांना लावलेला धागा. त्यात माणूस नाही, किस्से आहेत. समीक्षकांपैकी अनेकांचा सूर असाच होता. एका आजारी माणसाला पाहून हसायला आम्हाला का बोलावलं, असा त्यांचा प्रश्न. तो आजारी होता हे फिनलंडला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. तिथं दारूबंदीचा काळ होऊन गेला, १९१९ ते १९३२. नंतर सरकारी दुकानांची मक्तेदारी आली, ती आजही आहे. १ मार्च २००४ पासून सरकारनं दारूवरचा कर सरासरी एक तृतीयांशानं उतरवला, कारण शेजारचा एस्टोनिया युरोपीय संघात येणार होता आणि तिथली स्वस्त दारू बोटीनं आत येणार होती. दारूचा खप वाढला, दारूनं होणारे मृत्यू वाढले. हा चित्रपट आला त्या सुमारास काम करण्याच्या वयाच्या फिन पुरुषांमध्ये दारूशी निगडित कारणं मृत्यूच्या कारणांत सर्वांत वर पोचली होती. म्हणजे त्या साडेचार लाखांमधल्या कितीतरी जणांच्या घरात एक मट्टी होता. पदकं नसलेला. अशा प्रेक्षकाला मद्यपीवरचा विनोद कसा लागला असेल याचा अंदाज बाहेरून बांधणं कठीण नाही. काहींना तो हलकं करून गेला असेल, काहींच्या घशाखाली उतरला नसेल.

तिसरी बाजू स्त्रियांची. इथं मला थोडं थांबायचं आहे.

चित्रपटात पत्नींची नावं बदलली आहेत. पहिली तायना, एलेना लेवेनं केलेली. नंतरची मिर्वा, एलिना क्निह्तिलानं केलेली. क्निह्तिला फार ताकदीची अभिनेत्री आहे आणि मिर्वाला ती नुसती कजाग बाई होऊ देत नाही. पण पटकथेनं तिला दिलेली जागा मुख्यतः भांडणाची आहे. दोघंही पितात, दोघंही ओरडतात, पुन्हा गळ्यात पडतात. पाहणाऱ्याला वाटतं, हे दोघं एकमेकांना लायक आहेत. मारहाण करणारा पुरुष आणि मार खाणारी बाई यांना एका दोरीत बांधून ‘त्यांचं असंच चालतं’ म्हणून सोडून देण्याची ही खोड आपल्या चाळींपासून त्यांच्या अपार्टमेंटांपर्यंत सगळीकडे आहे. पडद्यावर ती हशाच्या वाटेनं आली की अधिक सहज खपते. या चित्रपटावर नाराज असलेल्यांपैकी ज्यांचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो ते हेच म्हणतात. मट्टीच्या एकेका पडण्यात ज्यांना खरोखर लागलं त्यांची गोष्ट इथं कुणी विचारलीच नाही. ज्याला सुरा लागला तो माणूसही कथेत एक वळण म्हणून येतो आणि जातो.

हा आक्षेप किती खरा होता ते चित्रपटानंतर कळलं. २००९ च्या नाताळच्या दिवशी मट्टीनं पत्नीवर सुऱ्यानं हल्ला केला आणि अंघोळीच्या झग्याच्या पट्ट्यानं तिचा गळा आवळण्याचा प्रयत्न केला. ऑगस्ट २०१० मध्ये त्याला १६ महिन्यांची शिक्षा झाली. जिचं पडद्यावरचं रूप पाहून २००६ मध्ये लोक हसले, त्याच बाईवरचा हा हल्ला. चित्रपटानं हे घडवलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पण नाताळ २००९ नंतर ते भांडणाचे प्रसंग पाहताना हसू येत नाही. चित्रपट तोच असला तरी आता पाहणाऱ्याला पुढचं माहीत असतं.

जिवंत माणसावर, तोही सावरलेला नसताना, चित्रपट काढण्यात हा धोका असतो. लेखकाला शेवट हवा असतो म्हणून तो एक शेवट बेततो आणि माणूस त्या शेवटाच्या पुढं जगत राहतो. मट्टीनं तर २००८ मध्ये ज्येष्ठ उडीपटूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा स्की बांधल्या आणि तो पहिला आला. चव्वेचाळीसाव्या वर्षी, तुरुंग आणि दारू यांतून गेलेल्या शरीरानं! ही बातमी मला त्या सगळ्या चरित्रात विलक्षण वाटते. चित्रपट त्याच्या उडीला भूतकाळात जमा करून मोकळा झाला होता, पण त्याच्या अंगात ती अजून शिल्लक होती.

आता त्या प्रेक्षकांकडे वळतो ज्यांची तक्रार सर्वांत साधी आहे. त्यांना उडी हवी होती. साराजेव्हो आणि कॅल्गरी ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिलं, हिवाळ्यात अंगणातल्या बर्फाचा उंचवटा करून ज्यांनी आपणही मट्टी आहोत असं मानून उड्या मारल्या, त्या पिढीला चित्रपटात आपला मट्टी पुरेसा भेटला नाही. ‘मॅकिकोत्का’, टेकडीवरचा गरुड, असं तिथं उडीपटूंना कौतुकानं म्हणतात. या चित्रपटात त्या गरुडापेक्षा पिंजराच जास्त दिसतो. कथेचा भर विजयानंतरच्या आयुष्यावर आहे. विजय येतात ते पुढच्या पडझडीची तयारी म्हणून.

मला ही तक्रार भाबडी वाटत नाही. बाकीच्या सगळ्या तक्रारी तिच्यातून निघतात असं माझं म्हणणं आहे. मट्टी काय करू शकत होता हे आधी अंगावर काटा येईल इतकं दाखवलं असतं, लायावुओरीवर अंधार पडेपर्यंत पुन्हा पुन्हा वर चढणारं ते पोर दाखवलं असतं, पुल्लीबरोबरचा तो हट्टी, बारकाव्यांचा सराव दाखवला असता, तर पुढच्या दारूला काही अर्थ आला असता. हवेत ज्याला सगळं कळत होतं त्याला जमिनीवर काहीच का कळेना, हा प्रश्न उभा राहिला असता. तो प्रश्नच आला नाही, म्हणून मग एक प्रसिद्ध दारूडा उरतो. त्याला पाहून कुणी हसतं, कुणी त्याची कीव करतं, कुणाला किळस येते. तिघंही एकमेकांवर रागावतात, आणि तिघांनाही पुरेसं काही दिलेलं नसतं.

शिवाय तिघंही या गोष्टीत आधीपासून सामील होते. ‘सेइस्का’सारखी साप्ताहिकं आणि दुपारची वर्तमानपत्रं मट्टीच्या घरातल्या प्रत्येक वादावर खपली, ती फिनलंडच्याच लोकांनी विकत घेतली. त्याची गाणी, त्याचे कार्यक्रम, त्याच्या मुलाखती, सगळ्याला गिऱ्हाईक होतं. मध्यस्थ त्याला स्टेजवर ढकलत होते कारण समोर तिकीट काढून बसलेले लोक होते. चित्रपट मध्यस्थांकडे बोट दाखवतो, पीटर फ्रान्झेननं रंगवलेल्या निक नेवाडासारख्या पात्रांमधून, वृत्तपत्रांनाही एखादा चिमटा काढतो. खुर्चीत बसलेल्या माणसाकडे मात्र तो वळत नाही. तिकीट विकायचं असताना ते अवघडच होतं.

फिनलंडमध्ये हा विषय खेळापुरता राहत नाही, कारण लहान, नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशाला जगानं ओळखलं ते आधी धावपटूंमुळं. पाव्हो नुर्मीचा पुतळा आजही हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियमबाहेर उभा आहे. २००१ मध्ये लाहतीच्या जागतिक स्पर्धेत, घरच्या मैदानावर, फिनलंडचे सहा स्कीपटू उत्तेजकांत सापडले तेव्हा तो साऱ्या देशाला आपलाच अपमान वाटला. त्यातला एक मिका म्युल्युला, १९९८ च्या नागानोचा सुवर्णपदकविजेता, २०११ मध्ये अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेला. मट्टीच्या बाबतीत फसवणुकीचा डाग नव्हता. त्याच्या उड्या खऱ्या होत्या. म्हणूनच त्याच्यावर लोक रागावले तरी त्याला त्यांनी टाकून दिलं नाही.

इथं मराठी वाचकाला एक धागा आपसूक सापडेल. १९५२ च्या उन्हाळ्यात याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना जाण्यासाठी पैसे उभे करताना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवल्याची हकीकत आपण सगळे सांगतो. १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आपल्या खेळाडूंच्या दुःखाची आपली ओळख बहुतेक विस्मरणाची आहे: पदक आणलं, हार घातले, विसरलो. त्यामुळं ‘भाग मिल्खा भाग’ किंवा मुरलीकांत पेटकरांवरचा ‘चंदू चॅम्पियन’ पाहताना आपल्याला परतफेड केल्याचं समाधान मिळतं आणि अशा चित्रपटात नायकाचा दोष शोधायला आपण जात नाही. मट्टीचं दुखणं याच्या अगदी उलट होतं. त्याला कुणी एक दिवसही विसरलं नाही. खाशाबांवर कुणी लक्ष दिलं नाही म्हणून आपण हळहळतो. मट्टीच्या चित्रपटाबद्दल बोलताना अनेक फिन माणसं हळहळतात ती त्याच्याकडे जरा दुर्लक्ष झालं असतं तर बरं झालं असतं, म्हणून.

मट्टी पुढं आणखी एका चित्रपटात आला, आणि तिथं तो जेमतेम काही मिनिटं दिसतो. २०१६ चा ‘एडी द ईगल’ हा इंग्रजी चित्रपट कॅल्गरीत शेवटच्या क्रमांकावर आलेल्या ब्रिटिश एडी एडवर्ड्सवरचा. टॅरन एगर्टन त्यात एडी आहे. मट्टीची भूमिका एडविन एन्ड्रेनं केली आहे. लिफ्टमधल्या एका प्रसंगात जगातला सर्वांत चांगला उडीपटू सर्वांत वाईट उडीपटूशी बरोबरीच्या नात्यानं बोलतो: जिंकणं-हरणं इतरांसाठी असतं, आपण दोघं आपल्यातलं सगळं द्यायला उडतो, अशा अर्थाचं. प्रसंग कल्पित असेल, पण तिथं मट्टी दारूडा नाही आणि विनोदही नाही. तो कारागीर आहे, आपल्या कामाबद्दल गंभीर. ज्या तरुण परदेशी प्रेक्षकांनी आधी हा चित्रपट पाहिला आणि मग कुतूहलानं २००६ चा ‘मट्टी’ शोधला, त्यांना मोठाच धक्का बसतो. लिफ्टमधला तो शांत माणूस कुठं गेला?

त्याच २०१६ मध्ये फिनलंडनं स्वतःच दुसऱ्या तऱ्हेनं खेळाडूकडे पाहून दाखवलं. युहो कुओस्मानेनचा ओली मॅकीवरचा कृष्णधवल चित्रपट कानमध्ये ‘अं सर्तें रगार’ विभागात सर्वोत्कृष्ट ठरला. कोक्कोलाचा हा मुष्टियोद्धा १७ ऑगस्ट १९६२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये अमेरिकेच्या डेव्ही मूरशी जागतिक किताबासाठी लढला आणि दुसऱ्याच फेरीत हरला. चित्रपट त्या हरण्याच्या आसपासच्या काही दिवसांचा, वजन उतरवण्याच्या कष्टांचा आणि ओली प्रेमात पडल्याचा आहे. जाहिरातदार, छायाचित्रकार, पैसा लावणारे इथंही आहेत. पण कॅमेरा ओलीच्या बाजूला उभा आहे. तो दोरीवरच्या उड्या मारताना, घामाच्या खोलीत बसून वजन गाळताना आपण त्याच्यासोबत पुरेसा वेळ घालवतो. त्यामुळं हार आली तरी माणूस आपल्या हातून निसटत नाही. शिवाय राइया आहे, ओलीची प्रेयसी, जिला स्वतःचं म्हणणं आहे आणि जी नको वाटलं तर उठून निघून जाते. मिर्वाला असं उठून जायला पटकथेत जागाच नव्हती. दोन्ही चित्रपट एकाच देशाचे, दहा वर्षांच्या अंतराचे. ‘मट्टी’ला गर्दी जास्त मिळाली, फिनिश प्रेक्षकांना खेळाडूचा चित्रपट कसा हवा होता याचं उत्तर मात्र मला कुओस्मानेनच्या चित्रपटात सापडलं.

मट्टी ४ फेब्रुवारी २०१९ ला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पूर्व फिनलंडमधल्या लप्पेनरांतात गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी ओली मॅकीही गेला. मट्टीच्या मृत्यूच्या बातमीबरोबर वाहिन्यांनी दाखवलं ते साराजेव्हो आणि कॅल्गरी.

हा चित्रपट पाहावा का, असं कुणी विचारलं तर मी पाहावा असंच सांगेन. पॅक्कोनेन आणि क्निह्तिला यांच्यासाठी पाहावा. एखादा देश आपल्या लाडक्या माणसाची गोष्ट सांगायला घाई करतो तेव्हा काय हातून सुटतं हे कळण्यासाठीही पाहावा. पण त्याआधी कॅल्गरीच्या मोठ्या टेकडीचं जुनं चित्रण काढून बघावं. वाऱ्यामुळं ती स्पर्धा पुन्हा पुन्हा पुढं ढकलली गेली होती, इतर उडीपटू वाऱ्याला वैतागलेले होते. मट्टी दांडी सोडतो, खाली येतो, टोकावरून सुटतो आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या नॉर्वेच्या एरिक योन्सनपेक्षा सोळाहून जास्त गुण पुढं जाऊन उतरतो. ते पाहून मग चित्रपट लावावा. मध्यंतरापर्यंत तुमचंही मत झालेलं असेल, आणि ते शेजारी बसलेल्याच्या मताशी जुळेलच असं नाही.